बादलीतल्या खताला वास येतोय, काय करू?

प्रश्न : ताई, आमचा छोटा फ्लॅट आहे, बाल्कनी जेमतेम. मागच्या महिन्यात जुन्या बादलीत ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं पण आता इतका वास सुटलाय की सासूबाई म्हणतायत बंद कर हे, अळ्यापण झाल्यात. तयार कंपोस्टर मिळतो 3,500 रुपयांना, तो घेऊ का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अजिबात घेऊ नका, तुमची बादली चांगलीये, फक्त तिच्यात हवा जात नाहीये. भाजीची देठं, फळांची सालं, उरलेला भात यात पाणी भरपूर असतं, ते तळाला साचलं की हवा संपते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात, तो सडका वास त्यांच्यामुळे. त्यामुळे आधी सगळं जुन्या पेपरवर ओतून घ्या, खिळा तापवून पकडीत धरून बादलीच्या तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली एखादं जुनं ताट ठेवा आणि तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. मग त्या ओल्या लगद्यात सुका पाला कालवत जा आणि मधेमधे मुठीत दाबून बघा, पाणी टपकलं तर अजून पाला घाला, लाडवासारखं जेमतेम वळलं की परत बादलीत भरा. पुढे रोज जेवढा ओला कचरा तेवढाच किंवा थोडा जास्तच सुका घालायचा आणि दोन-तीन दिवसांनी खुरप्याने खालीवर करायचं. कल्चरच्या, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या, महागड्या पावडरी विकतात त्याही नकोत, वाटीभर आंबट ताक नाहीतर कुणाकडून जुन्या खताच्या दोन मुठी आणल्या तरी पुरतात. अळ्या कचराच खातात, त्यांना घाबरू नका, वरून सुक्या मातीचा थर दिला की माश्या अंडी घालायला येत नाहीत. मासळीचे काटे आणि मटणाची हाडं मात्र यात नको.

आता पाला आणायचा कुठून? बऱ्याच सोसायट्यांत सकाळी पानं झाडून गोळा करतात आणि कोपऱ्यात पेटवून देतात, मला याचं खरंच फार वाईट वाटतं, धूर सगळ्यांच्या घरात जातो आणि चांगला माल फुकट जळतो. वॉचमनकाकांना सांगून ठेवा, पेटवू नका, मी नेते. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत दोन गोण्या भरून ठेवल्यात तर पावसाळ्यात अडत नाही, कारण तेव्हा सुकं काही मिळत नाही आणि तेव्हाच ते सगळ्यात जास्त लागतं. सासूबाईंकडून आठ दिवस मागून घ्या, वास कमी झालेला त्यांनाच कळेल. खत व्हायला दोन-तीन महिने लागतात.

प्रश्न : मी पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, पैसे कमी असतात पण पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय. बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, काचेच्या बरण्या असा सेट ऑनलाइन बघितलाय. – एक विद्यार्थी

उत्तर : सेट नको रे. आहे तो ब्रश झिजेपर्यंत वापर, सरबत ग्लासला तोंड लावून पी, बरणी हवी तर जॅमची बाटली धुऊन घे. न घेतलेली वस्तू बनवायला आणि पोचवायला काहीच लागत नाही. पार्सल आणायला जाताना घरचा स्टीलचा डबा घेऊन जा, सुरुवातीला लाज वाटते पण हॉटेलवाले भरून देतात. आणि उसवलेलं शिवायला, बटण लावायला शिक, पँट जास्त फाटली तर अल्टरवाल्याकडे टाक.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. लाइट बिल वाढतंय आणि आरओ फिल्टरचं कितीतरी पाणी सिंकमध्ये जातं ते बघवत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, आधी पंखा बघा. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा 30 च्या आसपास. दिवसाला 15 तास चालला तर महिन्याला 20 युनिट वाचतात. पण सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त चालतो तेवढाच बदला, बाकीचे बिघडतील तेव्हा बघू. गॅससाठी एक सांगते, डाळ-कडधान्यं भिजवून लावा आणि कुकरला पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, मोठ्या आचेने आतलं काही लवकर शिजत नाही, नुसती वाफ बाहेर जाते.

आरओचं म्हणाल तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे बऱ्याचदा दोन-तीन लिटर बाहेर जातं. ते बादलीत धरा, फरशी पुसायला आणि संडासात टाकायला वापरा, क्षार जास्त असतात म्हणून कुंड्यांना रोज घालू नका. पण त्याआधी नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार किती ते, मोजा. पालिकेचं पाणी असेल आणि आकडा लिटरला 500 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर क्षारांसाठी आरओ लागत नाही, अतिनील किरणांनी जंतू मारणारा यूव्ही फिल्टर किंवा नीट उकळलेलं पाणी पुरतं. बोअरचं असेल तर मात्र लॅबमधून तपासून मगच ठरवा. टीडीएस मोजायचा मीटर महाग नसतो, सोसायटीत मिळून एकच आणा.