परवान्याचं जुनं .३२ रिव्हॉल्व्हर उघडतच नाही, लेथवाल्याकडे नेऊ का?

नका नेऊ. आणि घरीही तेल मारून हातोडी घेऊन बसू नका.

तुम्ही लिहिलंय की परवाना आहे, कानपूरचं .३२ वापरलेलं घेतलं, आधीच्या मालकाकडे ते बरीच वर्षं कपाटात पडून होतं. आता डावीकडची खिटी अंगठ्याने दाबली तरी नळी खाली झुकत नाही. एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला म्हणतोय, 'आणा, दोन मिनिटांत काढून देतो.' मी स्वतः परवानाधारक आहे, शेत मंगळवेढ्याकडे, घर सोलापुरात, आणि याच जातीचं हत्यार वापरतो. त्यामुळे आधी यंत्राचं सांगतो, कायद्याचं नंतर.

हे रिव्हॉल्व्हर इंग्रजांच्या वेब्लीच्या घराण्यातलं. यात सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं चाक) बाजूला पडत नाही. खिटी सुटली की नळी आणि सिलिंडर दोन्ही पुढच्या बिजागरीवर खाली झुकतात, आणि झुकतानाच मधली चांदणी वर उठून सहाही काडतुसं बाहेर ढकलते. म्हणजे 'नळी अडकली' याचा खरा अर्थ असा की हत्यार रिकामं करण्याची वाटच बंद झाली. ही गोष्ट नीट डोक्यात घ्या. सिलिंडरच्या मागच्या फटीतून काडतुसाची पितळी कड दिसते, पण ते जिवंत आहे की नुसती पुंगळी (उडवलेल्या काडतुसाचं रिकामं खोळ), हे कडेवरून कळत नाही. कळायचं तर पुढून बघावं लागेल, आणि पुढून बघायचं म्हणजे नळीच्या तोंडासमोर डोळा न्यायचा. 'मागच्या मालकाने रिकामं आहे म्हणून सांगितलं' याला काही किंमत नाही. उघडेपर्यंत ते भरलेलंच समजायचं.

आता अडकतं कशाने? बहुतेक वेळा तेलाने. हसू नका. आपल्याकडे घरात जे तेल हाताशी असेल ते लावतात, आणि ते हमखास खोबरेल असतं. ते वर्षानुवर्षं साचलं की घट्ट, चिकट थर होतो. त्यात सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी घर असेल तर हवेतली सुताची धूळ त्या थरावर बसते आणि खिटीच्या खाली नमद्यासारखा गठ्ठा तयार होतो. हे झालं बरं कारण. दुसरं कारण हत्यार ठेवायचं चामड्याचं पाकीट (होल्स्टर). कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि क्षार उरलेले असतात, ओल धरली की पोलाद गंजतं आणि पितळेच्या काडतुसावर हिरवा थर चढतो. ते काडतूस मग सिलिंडरमधल्या आपल्या भोकात, म्हणजे घरात, रुतून बसतं. तिसरं कारण जास्त वाईट: उडवलेल्या काडतुसाची टोपी (बुडाशी असलेली, ठोका बसला की पेटणारी) मागे सरकलेली असते आणि मागच्या पोलादी भिंतीला घासून धरते, किंवा हॅमर (टोपीवर ठोका मारणारा घोडा) पूर्ण मागे न आल्याने त्याचं टोक टोपीच्या खळग्यात अडकून राहतं. अशा वेळी नळीवर जोर लावणं म्हणजे त्या टोपीवरच जोर लावणं. ती टोपी उडालेली आहे की जिवंत, हे तुम्हाला दिसत नाही.

खिटी स्वतःच हलत नसेल तर दोष बहुधा तेला-गंजाचा. खिटी मोकळी हलते पण नळी जागची हलत नाही, असं असेल तर बिजागरी किंवा काडतूस. नळी अर्धी झुकून थांबली असेल तर पुंगळीची कड चांदणीखाली घसरली असण्याची शक्यता मोठी. हत्यार आडवं धरून हळूहळू उघडलं की हे होतं. यातलं जे आधीच लक्षात आलं असेल ते कारागिराला सांगा, त्याचा वेळ वाचेल. तपासायला म्हणून हॅमर, ट्रिगरशी मात्र खेळू नका.

डब्ल्यूडी-४० बद्दल विचारलंय. गंज सोडवायला ते चांगलं, पण आत काडतुसं असतील तर ते टोपीच्या कडेने आत झिरपतं. त्याने काडतूस नक्की मरतं असंही नाही आणि नक्की चालतं असंही नाही. कधी दारू अर्धवट जळते, गोळी नळीतच अडकते, आवाज फुसका येतो आणि माणूस पुन्हा ट्रिगर दाबतो. मागची गोळी पुढच्या गोळीवर आपटली की नळी फुगते किंवा फुटते. तेव्हा हत्यार उघडल्यावर आत जी काडतुसं निघतील ती कितीही चकचकीत दिसली तरी परत वापरायची नाहीत.

लेथवाल्याचं म्हणाल तर हात त्याचा पक्का असेल, शंका नाही. पण तो सांगाडा वाइसमध्ये आवळणार आणि नळीवर पाइप चढवून दाबणार. बिजागरीचं भोक केसभर जरी मोठं झालं तरी नळी खुळखुळायला लागते, सिलिंडरचं घर आणि नळी एका रेषेत राहत नाहीत, आणि गोळी निघताना शिशाची कपची बाजूने उडते. वर गंज काढतो म्हणून पॉलिश पेपर फिरवला आणि नंबर पुसट झाला तर तो वेगळा गुन्हा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ मध्ये ओळखखूण पुसायला मनाई आहे.

आणि कलम ५ तर थेट दुरुस्तीबद्दलच आहे. परवान्याशिवाय बंदूक बनवणं, विकणं जसं बंद, तसंच दुरुस्त करणंही बंद. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. तुमचा परवाना हत्यार बाळगण्याचा आहे, तो लेथवाल्याला उपयोगी नाही. मैत्रीत त्या बिचाऱ्याला कशाला अडकवता?

मग करायचं काय? आज ते नळी भिंतीकडे किंवा जमिनीकडे करून कुलपात ठेवा, घरातल्या पोरांना ती खोली बंद. मग फोन लावा, हत्यार घेऊन दुकानात जाऊ नका. शस्त्रविक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा की तुमच्या परवान्यात दुरुस्ती आहे का, सगळ्यांच्या नसते. दुसरं, हत्यार रिकामं करता येत नाही हे स्पष्ट सांगा. नेण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यालाही कळवा, कसं न्यायचं ते तेच सांगतील. भरलेलं असू शकणारं हत्यार डिकीत टाकून सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून जाणं, आणि तेही गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत, हा शहाणपणा नव्हे.

सोलापूरकरांची एक खास अडचण. आपल्याला पुण्यापेक्षा विजयपूर, कलबुर्गी जवळ, हैदराबादेतही ओळखी असतात, आणि 'तिकडे एक चांगला कारागीर आहे' असं कोणीतरी सांगतंच. परवान्यावरचं क्षेत्र वाचा. फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल तर सीमा ओलांडली की परवाना संपला. शंका असेल तर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत विचारा. याच फेरीत हत्याराचा नंबर तुमच्या परवान्यावर चढलाय ना, तेही तपासून घ्या. चढला नसेल तर दुरुस्ती राहू द्या, आधी ते निस्तरा.

कारागिराकडे दिल्यावर नंबरासकट पावती घ्या. ती घरी, आणि परवान्याची छायाप्रत तिच्याच सोबत. परत घेताना त्याच्याकडून तुमच्यासमोर उघडून-मिटून दाखवून घ्या, मिटल्यावर नळी डावी-उजवी हलते का ते हाताने बघा, आणि रिकाम्या नळीतून मागून उजेड पाहा. आत कड्यासारखी काळी रेघ दिसली तर तिथे कधीतरी गोळी अडकली होती. मग ते उडवायचं नाही, विकणाऱ्याशी पैशांचं बोलायचं. निघालेली काडतुसं त्याच विक्रेत्याकडे जमा करून नोंद घ्या, कचऱ्यात टाकू नका. तेल शिलाई मशीनचं चालेल, तेही पुसून जेमतेम ओशट राहील इतकंच. चामड्याचं पाकीट कमरेला लावण्यापुरतं, कपाटात सुती कापड.