इंजिन बांधले, तरी बेअरिंग पुन्हा का गेले?

प्रश्न : माझ्याकडे 1997 सालची चार सिलिंडरची डिझेल जीप आहे. 1,80,000 किलोमीटरनंतर इंजिन बांधून घेतले, क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) 0.50 मिलिमीटर ग्राइंड करून त्या मापाची नवी बेअरिंग बसवली. जेमतेम 3,000 किलोमीटर झाल्यावर घाट चढताना खालून ठोके येऊ लागले. उघडले तर तिसऱ्या बिग एंडच्या (पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तेथील बेअरिंगच्या) वरच्या शेलवर (बेअरिंगच्या वरच्या अर्धगोल तुकड्यावर) थर झिजून आतले तांबे दिसते, बाकीच्या तिन्हींवर बारीक रेघा आहेत, क्रँकला पेलणारी मेन बेअरिंग मात्र स्वच्छ आहेत. मेकॅनिक म्हणतात की बेअरिंगच बनावट होती, पुन्हा ग्राइंड करून दुसरी टाकू. टाकावीत का? छायाचित्रे सोबत आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात टाकू नका. आपण आठही शेल क्रमांक घालून जपून ठेवलेत, हे फार चांगले केलेत. बहुतेक ठिकाणी ते त्याच दिवशी भंगारात जातात आणि बिघाडाचे कारणही त्यांच्याबरोबर जाते.

शेलचा वरचा थर निकृष्ट असता, तर तो बहुधा सालपटासारखा सुटला असता. तेलच कमी पडले असते, तर मेन बेअरिंगही पुसल्यासारखी चकचकीत किंवा काळी झाली असती आणि रॉड वाकलेला असता, तर वरच्या शेलची एक कड व खालच्या शेलची विरुद्ध बाजूची कड घासलेली दिसली असती. छायाचित्रांत यांपैकी काहीच नाही. फिरण्याच्या दिशेने गेलेल्या रेघा आहेत आणि त्यांत रुतलेले काळे कण आहेत, म्हणजे तेलातून कचरा आला.

तो कोठून आला, हे मेन बेअरिंगवरून कळते. तेल आधी मेन बेअरिंगला पोचते आणि तेथून क्रँकमधल्या तिरक्या छिद्रांतून बिग एंडला जाते. त्यामुळे कचरा फिल्टर ओलांडून आला असता, तर पहिले ओरखडे मेनवर उठले असते. ते स्वच्छ आहेत, म्हणून ग्राइंडिंगची भुकटी क्रँकच्या छिद्रांतच राहून गेली होती, असे माझे मत आहे. ज्वलनाचा मार वरच्या शेलवर बसतो, म्हणून तांबे तेथे आधी उघडे पडले.

खात्रीसाठी सुईच्या टोकाने रुतलेले कण कोऱ्या कागदावर काढा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. त्याबरोबर सरकणारे कण लोखंडाचे. जागचे न हलणारे खरखरीत कण बहुधा ग्राइंडिंगच्या दगडाचे असतील.

आता क्रँक पुन्हा ग्राइंड करण्याआधी मायक्रोमीटरने मोजून घ्या. ओरखडा खोल नसेल आणि गोलाई व माप ठीक असेल, तर पॉलिशवर भागेल. छिद्रांना बुचे असतील तर ती काढायला लावा, आतून लांब ब्रश फिरवून डिझेलने धुवा आणि हवा मारून पांढरे कापड धरा. कापड स्वच्छ निघेपर्यंत हे काम संपले असे समजू नका. तिसऱ्या रॉडने ठोके खाल्ले आहेत, तेव्हा कॅप कसून त्याच्या बिग एंडची गोलाईही तपासा. ऑइल कूलर असल्यास तोही धुवावा, कारण घासलेला धातू तेथे अडकून बसतो. इंजिन जोडल्यावर डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थांबत थांबत फिरवा आणि ऑइल प्रेशरचा काटा उठल्यावरच सुरू करा.