जाहिरात न येणाऱ्या नोकऱ्या पुण्यात कशा शोधायच्या?

तुमचा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, क्वालिटीचा दोन वर्षांचा अनुभव आहे, तरी नोकरीच्या साइटवरून फोन येत नाही आणि भरलेल्या जागांची जाहिरात कधी दिसलीच नव्हती, असं तुम्ही लिहिलंय. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीनिंग कंपनीत क्वालिटी बघतो. माणसं घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे जागा निघते ती कोणी राजीनामा टाकला म्हणून, नाहीतर चाकणच्या ग्राहकाने नवा पार्ट दिला आणि दुसरी पाळी सुरू करायची ठरली म्हणून. मालक आधी शॉपवरच, म्हणजे मशीनवर काम करणाऱ्यांनाच, विचारतात, "कोणी आहे का ओळखीचं?" आठवड्यात नाव आलं की विषय संपला. जाहिरात द्यायची तर ढीगभर बायोडेटा चाळायचे कोणी? वेगळा एचआर नाहीच, अकाउंट्सवालेच ते बघतात. कोणी काही लपवत नसतं, जाहिरातीची वेळच येत नाही.

मग आधी कळतं कोणाला? इन्सर्ट (कटिंग टूलची बदलायची पाती) विकायला येणाऱ्या सेल्स इंजिनिअरला, गेज (मापं तपासायची साधनं) कॅलिब्रेशनला नेणाऱ्या लॅबच्या माणसाला, सीएमएमच्या (पार्टची मापं घेणाऱ्या यंत्राच्या) सर्व्हिसवाल्याला. ही मंडळी रोज तीन-चार कंपन्यांत चहा पितात. कुठे नवं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) लागलं, कुठला इन्स्पेक्टर नोटीस पिरियडवर आहे, सगळं त्यांच्याकडे असतं. थेट नोकरी मागू नका, "सध्या काम कुठे वाढलंय?" एवढंच विचारा. आणि जपून बोला, हीच माणसं तुमच्या साहेबांबरोबरही चहा पितात! चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला यंत्रांची प्रदर्शनं भरतात, तिथेही हीच माणसं स्टॉलवर उभी असतात. दुपारी गर्दी ओसरली की मोकळेपणाने बोलतात.

कंपनी कळली की क्वालिटी हेड किंवा प्लांट हेडचं नाव काढा. गेटवर दिलेला बायोडेटा बहुधा सिक्युरिटीच्या टेबलाखालीच राहतो. जायचंच असेल तर नाव घेऊन जा, आणि गुरुवारी जाऊ नका, या पट्ट्यात बहुतेकांची साप्ताहिक सुट्टी असते. मेसेज चार ओळींचा पुरे: "सर, आपल्याकडे शाफ्टचं काम चालतं असं कळलं. मी दोन वर्षं टर्निंग पार्टचं फायनल इन्स्पेक्शन आणि पीपीएपीची कागदपत्रं सांभाळली आहेत. नोटीस एक महिना. जागा निघाली तर भेटायला येईन." (पीपीएपी म्हणजे नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची प्रक्रिया.) अर्थात तुम्ही खरोखर जे केलंय तेच लिहा. 'हार्डवर्किंग, टीम प्लेअर' वाचून मी कोणाला बोलावल्याचं आठवत नाही. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने एकदा आठवण करा, रोज 'गुड मॉर्निंग' नको.

मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं. तिथे रेफरल, म्हणजे आतल्या माणसाने नाव सुचवणं, चालतं आणि नाव लागलं तर सुचवणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी बक्षीसही मिळतं, त्यामुळे विचारायला संकोच नको. फक्त आधी स्वतः पोर्टलवर अर्ज टाकू नका. अनेक ठिकाणी मग रेफरल धरत नाहीत. मित्राला नुसतं "बघ ना काहीतरी" म्हणण्याऐवजी नेमकी जागा आणि बायोडेटा द्या.

'आतली जागा आहे, डिपॉझिट भरा' म्हणणारा फसवतोय, फोन ठेवा. सरकारी खात्यात 'जाहिरात न देता लावतो' म्हणणाऱ्याचंही तेच.