त्वचेचा रंग मोजायचा कशानं: तक्ता, मीटर की मोबाइलचा फोटो?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रबंधासाठी वांग असलेले रुग्ण घेतले आहेत, त्यात गोरेही आहेत आणि चांगले सावळेही. डाग किती फिकट झाला हे दाखवायला फिट्झपॅट्रिकची त्वचेची वर्गवारी पुरेल का, मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) मोजणारा मीटर घ्यावाच लागेल का, आणि मोबाइलच्या फोटोवरून मोजलं तर चालेल का?

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात नऊ वर्षं संशोधन सहायक आहे. माझं रोजचं काम म्हणजे लोकांच्या दंडाला, गालाला प्रोब, म्हणजे यंत्राचं मोजणारं टोक, लावून आकडे लिहून घेणं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी फिट्झपॅट्रिक बाजूला काढा, कारण तो रंग मोजतच नाही. हार्वर्डचे थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली ही वर्गवारी केली ती सोरायसिसच्या उपचारासाठी. सोरालेन हे त्वचा किरणांना हळवी करणारं औषध देऊन रुग्णाला यूव्हीए (अतिनील) किरणांखाली उभं करताना पहिला डोस किती ठेवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून डोस ठरवला की काही जण भाजून निघत. म्हणून त्यांनी माणसालाच विचारलं, उन्हात तुझी कातडी भाजते की रापते? सुरुवातीला चारच प्रकार होते, तेही गोऱ्या लोकांसाठी. पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आपल्याकडे ओपीडीत बसलेली बहुतेक मंडळी चौथ्या-पाचव्या खणात जातात, म्हणजे तुमचा अख्खा प्रबंध दोन खणांत मावेल. फिकट होण्याचं मोजमाप त्यातून निघायचं नाही.

शिवाय तो प्रश्न मराठीत विचारून बघा. ‘उन्हात गेल्यावर त्वचा लाल होते का?’ असं विचारलं की शेतावरून आलेली बाई गोंधळते. तिच्या कातडीवर लाली दिसतच नाही, त्यामुळे ती ‘नाही’ म्हणते, आणि आपण ‘कधीच भाजत नाही’ असं लिहून मोकळे होतो. तोच प्रश्न मी ‘चरचरतं का, आग होते का, दोन दिवसांनी सालपटं निघतात का’ असा विचारायला लागले तेव्हा उत्तरं बदलली. ‘रापणं’ हा आपला शब्द मात्र अगदी नेमका आहे, तो बिनधास्त वापरा. आणि खण डॉक्टरनं लांबून नुसतं बघून भरायचा नाही. तसं सर्रास होतं, आणि मग तो ना रंगाचा आकडा राहतो ना उन्हाचा. लेझरचा किंवा फोटोथेरपीचा डोस ठरवायला फिट्झपॅट्रिक ठेवा, प्रबंधाच्या पहिल्या तक्त्यात रुग्णांची ओळख म्हणूनही ठेवा. तेवढंच त्याचं काम.

रंगांचे तक्ते फार जुने आहेत. फेलिक्स फॉन लुशान या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाचा ३६ काचेच्या तुकड्यांचा संच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हातावर धरून जुळवत. दोन माणसं एकाच हाताला वेगळे तुकडे जुळवायची, म्हणून परावर्तन मोजणारी यंत्रं आल्यावर तो मागे पडला. आता एलिस मंक या समाजशास्त्रज्ञांची दहा छटांची पट्टी आहे, गूगलनं ती २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. गडद छटांना तिथे बरी जागा मिळाली आहे. आपल्या नमुन्यात सगळ्या रंगांची माणसं आली की नाही हे बघायला ती पट्टी चांगली. उपचारानं झालेला फरक तिच्यावर दिसणार नाही, कारण वांगाचा डाग फिकट होतो तो एका छटेच्या आतल्या आत.

आता यंत्रं. दोन जाती आहेत आणि त्यांचा घोळ घालू नका.

पहिली, अरुंद पट्ट्यांत प्रकाश टाकणारी. मेक्सामीटर, डर्मास्पेक्ट्रोमीटर ही त्यातली. लाल प्रकाश, साधारण ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा, त्वचेवर टाकायचा आणि किती परत आला ते बघायचं. तिथे रक्तातलं हिमोग्लोबिन फारसं शोषत नाही, मेलॅनिन शोषतं. हिरव्या पट्टीत, ५६८ च्या आसपास, दोन्ही शोषतात. लालवरून मेलॅनिनचा निर्देशांक निघतो, लाल आणि हिरवा यांच्या तुलनेतून लालीचा.

मूळ सूत्रात निर्देशांक लॉगॅरिदमवर काढतात: परत आलेल्या प्रकाशाच्या अंशाचा व्यस्त, त्याचा लॉग, गुणिले शंभर. गोऱ्या हातावरून निम्मा प्रकाश परत आला, ०.५०, तर आकडा ३०.१. यंत्राची एका टक्क्याची चूक होऊन ०.४९ आलं तर ३१.०. फरक एकाचासुद्धा नाही. काळ्यासावळ्या हातावरून ०.२० आलं तर ६९.९, आणि तीच एका टक्क्याची चूक होऊन ०.१९ आलं तर ७२.१. म्हणजे चूक तीच, पण गडद त्वचेवर ती दुपटीहून मोठी होऊन आकड्यात उतरते. तुमच्या सावळ्या रुग्णांत ‘दोन अंकांची सुधारणा’ दिसली तर आधी हे आठवा. लालीच्या निर्देशांकाचं आणखी अवघड आहे. मेलॅनिन जास्त असलं की ते हिरव्या पट्टीतही बराच प्रकाश खातं, त्यामुळे गडद त्वचेवर लालीचा आकडा निव्वळ लालीचा राहत नाही.

दुसरी जात कलरीमीटर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरची. हे १९७६ च्या सीआयई लॅब या रंग आकड्यांत मांडायच्या पद्धतीत तीन आकडे देतात: एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरव्याकडून लालकडे, बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. एल आणि बी घेऊन एक कोन काढतात, त्याला आयटीए म्हणतात. एलमधून ५० वजा करायचे, उरलेल्याला बीनं भागायचं, आर्कटॅन्जंट घ्यायचा आणि अंशांत लिहायचं. ५५ च्या वर अगदी गोरा, ४१ ते ५५ गोरा, २८ ते ४१ मध्यम, १० ते २८ रापलेला, उणे ३० ते १० तपकिरी, त्याखाली गडद. ‘गहूवर्णी’ म्हणून स्थळांच्या यादीत लिहितात त्या हाताचं एल ५८ आणि बी १९ धरा, कोन येतो जवळपास २३ अंश. एल ५२ आणि बी १८ असेल तर सहा अंश. डोळ्याला हे दोन्ही हात शेजारी ठेवल्याशिवाय वेगळे वाटत नाहीत, कोन मात्र वेगळ्या खणात जातो. आपल्या रंगांच्या लोकांसाठी मला ही पद्धत म्हणून आवडते.

पण तिचीही एक खोड आहे. फार गडद त्वचेत बी लहान होत जातो, आणि बीनंच भागायचं असल्यामुळे कोन अस्थिर होतो, थोड्याशा चुकीनं बराच हलतो. म्हणून नुसता कोन छापू नका, एल, ए, बी तिन्ही द्या.

हळदीची गोष्ट सांगते. एका बाईंचा गाल मोजला, पंधरवड्यानं पुन्हा मोजला, आणि कोन पाच अंशांनी खाली. उपचार चालू असताना त्वचा काळवंडली असं कागदावर दिसत होतं. मी तिन्ही आकडे काढून बघितले. एल जागच्या जागी, ५६. बी मात्र १७ वरून २४ वर गेलेला. विचारलं तेव्हा कळलं, घरात पुतणीचं लग्न होतं, आदल्या दिवशी हळद लागली होती. गाल धुतलेला, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. त्या दिवसापासून मी फॉर्मवर तीन ओळी वाढवल्या: हळद, मेंदी, तेल. खोबरेल लावलेल्या कातडीवरून प्रकाश वेगळा परततो आणि ती गडद मोजली जाते. हातावर गोंदण असेल तर प्रोब त्यापासून दूर ठेवा, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण फिक्या पडलेल्या हिरवट गोंदणावर ठेवलेला प्रोब मी पाहिला आहे.

प्रोब दाबून धरू नका. दाबला की खालचं रक्त बाजूला सरतं आणि लालीचा आकडा पडतो. नुसता टेकवायचा, उचलायचा, पुन्हा टेकवायचा. असे तीन रीडिंग, मधलं घ्यायचं. रुग्ण उन्हातून चालत आला असेल तर पंधरा-वीस मिनिटं बसवा. पांढऱ्या टाइलवर कॅलिब्रेशन दर सत्राला करा आणि टाइल पुसून ठेवा.

आणि जागा. गालावर डाग मोजाल, त्याच वेळी दंडाची आतली बाजू, काखेच्या थोडं खाली, तीही मोजा. तिथे ऊन लागत नाही, तो माणसाचा जन्माचा रंग. मनगटावरचं घड्याळ काढलं की पट्ट्याखाली वेगळाच माणूस दिसतो, तेवढा फरक रापण्यानं पडतो. दंडाचा आकडा हाताशी नसेल तर मे महिन्यात आलेला रुग्ण आणि ऑगस्टमध्ये आलेला रुग्ण यांची तुलना करता येत नाही. वांगासाठी डागाशेजारची निरोगी त्वचाही मोजा आणि फरक लिहा. डाग फिकट झाला की सगळा चेहराच उजळला, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

वांग खोल असेल तर यंत्राचं एका मर्यादेपलीकडे चालत नाही. खालच्या थरातलं मेलॅनिन करडं-निळसर दिसतं, आणि आकडा वरच्या थराबद्दल जास्त बोलतो. वूड लॅम्पनं, म्हणजे अतिनील दिव्यानं, खोली ठरवण्याची सवय आहे, पण सावळ्या चेहऱ्यावर त्याचा उपयोग फार कमी होतो. अशा रुग्णांत मासी, म्हणजे वांगाच्या तीव्रतेचं गुणांकन, सोबत ठेवा: कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी, त्यांना ३०, ३०, ३० आणि १० टक्के वजन. ते डोळ्यांनीच करायचं आहे, म्हणून दोघांनी वेगवेगळं करा, एकमेकांचे कागद न बघता.

मोबाइलचा फोटो? आहे तसा नाही. कॅमेरा स्वतःच उजेड आणि पांढरा रंग ठरवतो, चेहरा गडद दिसला की उजळवतो. तुमच्या उपचाराआधी तोच उपचार करून टाकतो. फोटोच वापरायचा असेल तर चौकटीत २४ रंगीत चौकोनांचा तक्ता (कलर चेकर) धरा, कॅमेऱ्यानं न सुधारलेल्या कच्च्या (रॉ) फाइलमध्ये काढा, दिवा एकच, अंतर एकच, आणि चमक मारायला आडवे-उभे ध्रुवीकरणाचे फिल्टर. एवढं करणार असाल तर फोटो कामाचे आहेत, कारण डागाचा आकार प्रोब दाखवत नाही, फोटो दाखवतो.

एका चुकीबद्दल मात्र तुम्हाला कळकळीनं सांगायचं आहे, कारण मी ती आमच्याच प्रबंधात होऊ दिली होती. दोन पद्धतींची तुलना करताना सगळ्या रंगांचे रुग्ण एकाच आलेखावर टाकून सहसंबंध काढतात. गोऱ्यापासून काळ्यापर्यंत पल्ला एवढा मोठा असतो की कुठल्याही दोन पद्धतींची रेघ छान येते, ०.९ च्या वर आकडा येतो, गाइड खूश होतात. पण तुम्हाला मोजायचा आहे तो एकाच माणसातला बारीक बदल. फक्त तपकिरी खणातले रुग्ण वेगळे काढा आणि तोच सहसंबंध पुन्हा काढा. आमचा तेव्हा कोसळला. तेव्हा ब्लँड-ऑल्टमनचा आलेख काढा, दोन पद्धतींतला फरक एका अक्षावर आणि सरासरी दुसऱ्यावर, आणि प्रत्येक गटासाठी वेगळा. गडद बाजूला ठिपके पसरत गेले तर ते तसंच लिहा. दोन यंत्रांचे मेलॅनिन निर्देशांक एकमेकांत मिसळू नका. मेक्सामीटरची पट्टी ० ते ९९९ ची आहे, दुसऱ्याची तशी नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर आठवा. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरमध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निरीक्षणांत यंत्र ऑक्सिजन ठीक दाखवत असताना रक्तात तो धोकादायक कमी असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. आता तिथल्या औषध प्रशासनाच्या २०२५ च्या मसुद्यात ऑक्सिमीटर तपासताना मंकची पट्टी आणि आयटीए दोन्ही वापरायला सांगितलं आहे. आपल्याकडेही मोजणी झालेली आहे: दक्षिण भारतातल्या १,२२८ लोकांचा मेलॅनिन निर्देशांक मोजून २०१३ साली दाखवलं गेलं की एसएलसी२४ए५ या एका जनुकातला एक फरक त्या गटातल्या रंगाच्या सुमारे २७ टक्के फरकाचं कारण आहे. नुसत्या ‘सावळा-गोरा’ अशा खणांवर तो आकडा निघालाच नसता.

तुमच्या प्रबंधासाठी माझं मत: पहिल्या तक्त्यात फिट्झपॅट्रिक, मुख्य मोजमाप म्हणून डाग आणि शेजारची त्वचा यांच्यातला एलचा आणि मेलॅनिन निर्देशांकाचा फरक, सोबत मासी आणि कलर चेकरचे फोटो. कलरीमीटर आणि मेलॅनिन मीटर यातलं एकच मिळत असेल तर सावळे रुग्ण जास्त असल्यामुळे मी कलरीमीटर घेईन. विभागात नसेल तर जवळच्या कापड किंवा रंग तंत्रज्ञानाच्या महाविद्यालयात विचारा, त्यांच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर असतो. फक्त हातात धरायचा आहे ना, आणि मोजायची खिडकी आठ मिलिमीटरच्या आसपास आहे ना, ते बघून घ्या. पहिला रुग्ण घेण्याआधी विभागातल्याच दहा जणांना, गोऱ्या आणि सावळ्या दोन्ही, सोमवारी आणि बुधवारी मोजा. कुणाच्याही त्वचेत दोन दिवसांत बदल झालेला नसणार, तेव्हा जो फरक येईल तो तुमच्या हाताचा आणि यंत्राचा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.