प्रश्न तुमचे : व्हीलॅन एक वाढवला आणि निम्म्या लिंक झोपल्या

प्रश्न : आमच्याकडे दोन कोअर (मधले मुख्य) आणि सहा ॲक्सेस (संगणक जोडायचे) स्विच आहेत. सगळीकडे एमएसटीपी (थोडक्यात एमएसटी; लूप होऊ नये म्हणून जादा लिंक ब्लॉक करणारा स्पॅनिंग-ट्री प्रोटोकॉल) चालतो. त्यात व्हीलॅनचे, म्हणजे आभासी नेटवर्कचे, गट करतात; प्रत्येक गट एक इन्स्टन्स, त्याचं झाड वेगळं. इन्स्टन्स 1 चा रूट (झाडाचं मूळ) कोअर ‘अ’, इन्स्टन्स 2 चा कोअर ‘ब’. नवा व्हीलॅन 45 कोअर ‘अ’वर इन्स्टन्स 2 ला जोडला. अर्धा मिनिट नेटवर्क गेलं. ते परत आलं, पण तेव्हापासून ॲक्सेस स्विचचे ‘अ’कडे जाणारे अपलिंक ब्लॉक आहेत आणि सगळा भार ‘ब’वर पडतोय. कुठं चुकलं?

उत्तर : मॅपिंग एकाच स्विचवर बदललंत, तिथं. एमएसटीपीत दोन स्विच एका रीजनमध्ये (सारखं कॉन्फिगरेशन असलेल्या स्विचांच्या गटात) असायला तीन गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात : रीजनचं नाव (लहान-मोठ्या अक्षरांसकट), रिव्हिजन नंबर आणि व्हीलॅन-इन्स्टन्स मॅपिंग. मॅपिंगचा तक्ता बीपीडीयूतून (स्विच एकमेकांना पाठवतात त्या स्पॅनिंग-ट्रीच्या संदेशांतून) जात नाही. जातो त्याचा 16 बाइटचा डायजेस्ट, म्हणजे तक्त्यावरून काढलेला ठसा. एका व्हीलॅनचा फरक पडला तरी डायजेस्ट पार बदलतो. त्यामुळे ‘अ’ स्वतःच एक वेगळं रीजन झाला आणि त्याच्याकडे जाणारं प्रत्येक पोर्ट बाउंड्री पोर्ट (रीजनच्या सीमेवरचं) झालं. बाउंड्रीवर फक्त इन्स्टन्स 0 चा (मुळातलाच, सगळ्या रीजनना सामायिक) निर्णय चालतो, बाकीचे इन्स्टन्स त्याच्यामागे जातात. दोन रीजनमधल्या सात लिंकपैकी (सहा ॲक्सेसच्या, एक ‘ब’ची) एकच चालू राहते. तुमच्याकडे ती ‘अ’-‘ब’ ही राहिली.

खात्री करायला सिस्कोच्या स्विचवर ‘शो स्पॅनिंग-ट्री एमएसटी कॉन्फिगरेशन डायजेस्ट’ चालवा आणि आठही स्विचचे आकडे शेजारी ठेवा. एखाद्यावर ‘एसी36177एफ’ने सुरू होणारा डायजेस्ट दिसला, तर तिथं मॅपिंग केलेलंच नाही, सगळे व्हीलॅन इन्स्टन्स 0 मध्ये पडून आहेत.

आत्ता ‘अ’वरचं मॅपिंग जुन्यासारखं करा, सात स्विच बदलण्यापेक्षा एक बदलणं बरं. नवं मॅपिंग वर्दळ नसताना आठही स्विचवर एका बैठकीत चढवा. रिव्हिजन नंबर आपोआप वाढत नाही, तो हातानं सगळीकडे सारखा ठेवा.

आणि तेव्हाच पुढचंही मॅपिंग उरकून टाका. व्हीलॅन तयार झालेला नसला तरी मॅपिंगमध्ये बसतो. समजा 2 ते 2047 इन्स्टन्स 1 ला आणि 2048 ते 4094 इन्स्टन्स 2 ला देऊन टाकले, की नवा व्हीलॅन काढताना एमएसटीला हात लावावाच लागत नाही. नंबर तेवढा योग्य गटातला निवडायचा. आधीचे व्हीलॅन या गटांत बसत नसतील, तर अपवाद आजच लिहून काढा.

राहिलं ते अर्ध्या मिनिटाचं. मॅपिंग बदललं की त्या स्विचवरचा एमएसटी नव्यानं सुरू होतो, पण पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर स्विच आपसात झटपट ठरवतात. 30 सेकंद, म्हणजे फॉरवर्ड डिलेचे (पोर्ट चालू होण्याआधीच्या थांब्याचे) 15 अधिक 15, लागले, तर संशय घ्यायचा तो संगणकांच्या पोर्टवर. तिथं एज पोर्ट (न थांबता लगेच चालू होणारं पोर्ट; सिस्कोत पोर्टफास्ट) लावलेला नसावा. तो लावा, सोबत बीपीडीयू गार्डही (बीपीडीयू आला की तो पोर्ट बंद करतो).

प्रश्न : एका अपलिंकच्या अलाउड लिस्टमधून (लिंकवरून जाऊ द्यायच्या व्हीलॅनच्या यादीतून) व्हीलॅन 30 काढला. दुसरी लिंक असूनही तो व्हीलॅन बंद पडला. पीव्हीएसटीवर असं व्हायचं नाही.

उत्तर : पीव्हीएसटीत दर व्हीलॅनचं झाड वेगळं असतं, म्हणून तो दुसऱ्या वाटेनं गेला असता. एमएसटी अलाउड लिस्टकडे पाहतच नाही. ज्या लिंकवरून व्हीलॅन 30 काढलात तीच त्याच्या इन्स्टन्ससाठी फॉरवर्डिंग आहे, दुसरी ब्लॉक. व्हीलॅन परत घाला. एका इन्स्टन्समधले सगळे व्हीलॅन त्या रीजनमधल्या प्रत्येक ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या लिंकवर) सारखेच हवेत. काढायचेच असतील तर अख्खा गट काढा.

प्रश्न : स्विच प्रायॉरिटी (रूट ठरवणारा आकडा; लहान तो जिंकतो) 5000 का घेत नाही?

उत्तर : ती 4096 च्या पटीत लागते. 16 बिटांपैकी वरचे 4 च प्रायॉरिटीला मिळतात, खालच्या 12 त व्हीलॅनचा किंवा इन्स्टन्सचा नंबर बसतो. पीव्हीएसटीत व्हीलॅन 10 ला 32778 दिसतं ते यामुळेच : 32768 अधिक 10. रूटला 4096 द्या, त्याच्या जोडीदाराला 8192.