फॉग लॅम्पमध्ये पाणी

प्रश्न: माझ्या जुन्या माझदा एमएक्स-5 च्या पुढच्या फॉग लॅम्पमध्ये धुतल्यावर पाणी साचतं. काचेला सिलिकॉन मारू का?

उत्तर: आधी रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा आरशासारखा भाग, बघा. चंदेरी मुलामा काळवंडून पोपडे धरले असतील तर दुरुस्ती सोडा, जोडीच बदला. मुलामा शाबूत असला तरी आतून फडका फिरवू नका, तो पुसला जातो.

दिवे लावल्यावर थोड्या वेळात विरणारं पुसट धुकं हा दोष नव्हे. पाणी तळाशी हिंदकळत असेल तर मात्र दिवा उतरवा, बल्ब काढा, तोंड खाली करून निथळू द्या आणि हेअर ड्रायरची कोमट हवा सोडा. मग मागच्या झाकणाचा रबर आणि वायरचा ग्रोमेट (वायर आत जाते तिथलं रबरी कडं) तपासा. कडक झालेला रबर बदला. काचेच्या कडेला फट दिसली तरच जुना चिकटा खरवडून ब्यूटाइल टेप (फट बंद करणारी चिकट रबरी पट्टी) लावा.

हवेचं छिद्र किंवा नळी बुजवू नका! दिवा थंड होताना आतली हवा आकसते आणि छिद्र बंद असेल तर फटीतून पाणी ओढलं जातं. सरसकट सिलिकॉन मारलेले दिवे म्हणूनच पुन्हा भरतात.

कनेक्टरवर हिरवट गंज असेल तर पिन साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल रोखणारं, वीज न वाहणारं ग्रीस) लावा.