हबचं नंतर बघू, आधी कार्ड फेडा

एका वाचकाचं पत्र आहे. त्यांच्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकचे ऑटोमॅटिक हब, म्हणजे पुढची चाकं एक्सलला आपोआप जोडणारे-सोडणारे भाग, चांगले चालू आहेत. ते काढून हाताने फिरवायचे मॅन्युअल लॉकिंग हब बसवायचेत. विक्रेता म्हणतो, डिझेल १५ टक्के वाचेल. प्रश्न एवढाच की, क्रेडिट कार्डावर घ्यावेत का? शेवटी जाता जाता लिहिलंय: ‘कार्डावर आधीचं थोडं आहे, पण किमान रक्कम वेळेवर भरतो. विम्याचं टेन्शन नाही, ट्रकच्या कर्जासोबतच २० वर्षांची पॉलिसी दिलीय.’

आधी हबचं उरकतो. हब ‘फ्री’वर असले की पुढची चाकं एक्सलपासून सुटतात आणि एक्सल, डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे चाकांना ताकद पोचवणारे भाग उगाच फिरत नाहीत. अमेरिकेत १९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी महायुद्धातल्या जीपगाड्यांसाठी असे हब आणले, कारण त्या जीपची पुढची चाकं एक्सलला कायम जोडलेली असत. तुमचे ऑटोमॅटिक हब टू-व्हील-ड्राइव्हमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं गाडी ढकलत असताना, पुढची आपोआप सोडतात. म्हणजे वाचायचं ते डिझेल आजच वाचतंय! १५ टक्के ही शुद्ध थाप आहे. मॅन्युअल हबचा खरा फायदा भरवशाचा: चिखलात पुढे-मागे करताना काही ऑटोमॅटिक हब सुटतात, हे सुटत नाहीत.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमची महिन्याची कमाई १०० धरू, पुढचे सगळे आकडे त्याच मापात. तुमच्याच आकड्यांनुसार हब मजुरीसकट २०, डिझेल महिन्याला १०, कार्डावरची थकबाकी ६०, व्याज महिना ३ टक्के. म्हणजे दरमहा १.८ नुसत्या व्याजात जातात. डिझेलमध्ये उदार मनाने २ टक्के बचत धरली तरी ती ०.२. नऊ पट गळती उघडी ठेवून तुम्ही थेंब अडवताय. किमान रक्कम भरणं म्हणजे कर्ज फेडणं नव्हे, हे कृपा करून लक्षात घ्या.

आणि ती पॉलिसी. वर्षाचा हप्ता १००, विमा १०००, २० वर्षांनी मिळणार साधारण ३०००. परतावा वर्षाला चार टक्क्यांच्याही आत. ट्रकचं कर्ज अजून १५०० बाकी आहे. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर विम्याच्या पैशात ट्रकसुद्धा सुटत नाही. घर आणि दोन मुलं तर दूरच. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात ही पॉलिसी सरकवणाऱ्याने कमिशन पाहिलं, तुमची मुलं पाहिली नाहीत. याचा मला मनापासून राग येतो.

पॉलिसीचा पुढचा हप्ता दोन महिन्यांवर आहे. त्याआधी दहा वर्षांच्या कमाईएवढा, म्हणजे १२००० चा, साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. वय-तब्येत ठीक असेल तर त्याचा हप्ता आताच्या हप्त्याचा लहानसा भाग असेल. तो हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडू नका. दरम्यान आज बंद केली तर किती मिळतील आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली) तर किती, हे कंपनीकडून लेखी घ्या. बहुधा सोडणंच बरं ठरेल. मग वाचलेल्या १०० तून ६० कार्डाला भरा, टर्मचा हप्ता द्या, उरलेले अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा.

हब त्यानंतर, रोखीने, आणि चिखलात खरंच जात असाल तरच. बसवणाऱ्याला व्हील बेअरिंगचा नट ठरलेल्या मापानेच कसायला सांगा. सैल राहिला किंवा जास्त आवळला, तर बेअरिंगचा खर्च वेगळा.